अकरा जागांचा नकाशा

माझं तिकीट उधाणात निघालं. पप्पांनी शंभरदा बजावलं होतं, तिकीट भांगाचं काढ. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास समुद्राला जोरात ओढ असते, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंद होतं, तो भांग. आमची डोल जाळी पाण्याच्या ओढीवरच भरतात, म्हणून उधाणात आमच्या घरातला पुरुषमाणूस लग्नालासुद्धा जात नाही. विद्यापीठाने तारीख दिली ती काही तिथी बघून दिली नव्हती. मग काय, सप्टेंबरातल्या पौर्णिमेला भर दुपारी मी दोन बॅगा घेऊन मनोरीच्या जेट्टीवर उभी, आणि पप्पांची बोट तासाभरात सुटायची.

आई आणि माझा मामेभाऊ विमानतळापर्यंत येणार होते. पप्पा फेरीबोटीने फक्त मार्वेपर्यंत आले. फेरीत दोन मोटारसायकली, एक भाजीवाली आणि मनोरीला मजा करून परत निघालेली कॉलेजची पोरं. पप्पा पूर्ण वेळ माझ्या मोठ्या बॅगेवर हात ठेवून उभे होते, जणू ती पाण्यात उडी मारणार होती. मार्वेला त्यांनी बॅगा रिक्षात चढवल्या आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर. मी समुद्रात असलो तर आईला सांग." एवढंच. मग ते त्याच फेरीने परत निघाले, अक्षरशः धावत, कारण फेरी सुटत होती. मी रिक्षातून वळून बघितलं तर त्यांची पाठच दिसली. त्या पाठीचा मला पुढे कितीतरी दिवस राग येत होता.

आपल्या चर्चच्या फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या, स्मरणिकेवाल्यांनी मला सांगितलंय, "परदेशातले अनुभव लिही, दोन-चार पानं." बर्फ, म्युझियम, तिकडची शिस्त, असलं काहीतरी त्यांना हवं असणार. ते हवं असेल तर कॅनडातल्या माझ्या मावसबहिणीला विचारा, तिच्याकडे फोटोही आहेत. मला दुसरंच लिहायचंय. गावातल्या बऱ्याच जणांना ते अर्धवट माहीत आहे, आणि जे कुवेतला, टोरंटोला, नाहूरला, मुलुंडला गेले त्यांनी ते व्हॉट्सअॅपवर ऐकलंय, म्हणजे चुकीचं ऐकलंय. घरी आपण आपली कोळी बोलतो, पण फ्लॅटात वाढलेल्या तुमच्या मुलांना ती समजत नाही. म्हणून शाळेतल्या मराठीत लिहितेय. नावं ठेवायची तर ठेवा.

मी काय शिकायला गेले हे गावात कोणालाच कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट कळलं नव्हतं. जागतिक राजकारण आणि आंतरराष्ट्रीय संबंध, सोबत अर्थशास्त्र. आई बाजारात फक्त "पॉलिटिक्स" सांगायची, त्यामुळे मालाडच्या बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या मावश्यांना वाटलं मी नगरसेविका होणार, आणि दोघी-तिघींनी गटाराच्या तक्रारी आधीच सांगून ठेवल्या. पप्पांनी एकदा विचारलं, हे शिकून माणूस काय करतो? मी म्हटलं, देश एकमेकांशी कसे वागतात ते समजून घेतो. ते म्हणाले, मग त्याला विद्यापीठ कशाला, कोणतेही दोन भाऊ बघ. मी तेव्हा हसले होते.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ज्या शहरात मी गेले तिथून समुद्र दोन तास लांब. जन्मात पहिल्यांदा मी अशा ठिकाणी राहत होते जिथे पाणी चढतं की उतरतं याच्याशी कोणाला काही घेणंदेणं नव्हतं. वर्गात सगळे मला भारी वाटायचे. एकाचा बाप वकिलातीत, एकीने तीन देशांत शाळा केलेली. ते सेमिनारमध्ये "माझ्या मते" म्हणून सुरुवात करायचे आणि मला प्रश्न पडायचा की यांना एकोणिसाव्या वर्षी सगळ्या गोष्टींबद्दल मत कसं काय यार? शिक्षकांना नावाने हाक मारायची पद्धत. आमच्या सेमिनारच्या बाई हेलन, पन्नाशीच्या. मला "मॅम"वरून "हेलन"वर यायला अख्खी टर्म लागली. पहिल्या वर्षी मी वर्गात जेमतेम चार वेळा बोलले असेन. फोनवर मात्र घरी सांगायचे, झकास चाललंय.

दुसऱ्या वर्षी एक दिवस असा आला की सकाळी राजकारणाच्या तासाला शिकवलं, देशांच्या डोक्यावर कोणी सरकार नाही, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याला घाबरून असतो आणि ताकद असेल तो ओढून घेतो. दुपारी अर्थशास्त्राच्या तासाला शिकवलं, ज्या वस्तूला मालक नाही ती सगळे ओरबाडून संपवतात, आणि उदाहरण दिलं समुद्रातल्या माशांचं. फळ्यावर एक बोट, दोन बोटी, मग पुष्कळ बोटी, मग मासे शून्य. मला राग आला. खरा राग, कानाच्या पाळ्या गरम होतात तसा. लगेच पुढे हेलनचा सेमिनार होता, तिथे मी हात वर केला.

मी सांगितलं की आमच्या गावासमोरच्या समुद्राला मालक नाही, आणि तिथे पोलीसही उभा नाही. समुद्राच्या तळात आम्ही दोन खुंट ठोकतो, त्यांच्यामध्ये पिशवीसारखं लांब जाळं बांधतो, पाणी वाहतं आणि बोंबील, जवळा, करंदी आत येते. प्रत्येक घराच्या खुंटाची जागा ठरलेली. ती कुठल्या कागदावर नाही, सात-बाऱ्यावर नाही. तरी माझ्या पणजोबांच्या जागेवर आजतागायत दुसऱ्या कोणी जाळं बांधलेलं नाही. हे तुमच्या कुठल्या सूत्रात बसतं? माझा आवाज थरथरत होता आणि व्याकरणाची वाट लागली होती. हेलन म्हणाली, हे लिहून काढ, हाच तुझा प्रबंधाचा विषय. त्या दिवसापासून मी त्या वर्गात पाहुणी राहिले नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले ती वही घेऊनच. जुलैअखेरपर्यंत मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ताडपत्रीखाली. ऑगस्टमध्ये खुंट घालायला सुरुवात झाली तशी मी पप्पांच्या बोटीवर जायला लागले. लहानपणी शंभरदा गेले होते, पण तेव्हा मला उलटी होणार नाही याचीच काळजी असायची. आता मी विचारत होते. जागा सापडते कशी? पप्पांनी दाखवलं. आपल्या चर्चचा क्रूस आणि त्यामागची पाण्याची टाकी एका रेषेत आणायची. मग उजवीकडे बघायचं, गोरेगावचा एक उंच टॉवर डोंगराच्या खाचेत बरोबर बसला की बोट थांबवायची. खाली आपला खुंट. पप्पांच्या लहानपणी त्या खाचेसमोर ताडाचं झाड असायचं. टॉवर उठला आणि ताड दिसेनासा झाला, तेव्हा त्यांनी शिव्या घालत घालत टॉवरलाच खूण केलं. त्या टॉवरच्या बाल्कनीत चहा पिणाऱ्यांना कल्पनाही नसेल की आपण कोणाच्या तरी जाळ्याचा पत्ता आहोत.

मी मोबाइल काढला आणि त्या जागेचे आकडे, अक्षांश-रेखांश, टिपून घेतले. पप्पांनी बघितलं आणि इंजिन सुरू केलं. मग आमच्या चुलत्यांच्या बोटींवर गेले, त्यांनीही आपापल्या जागा दाखवल्या. दोन आठवड्यांत अकरा जागा झाल्या. आमच्या जागेला लागूनच बस्त्याव काकांचे खुंट होते. बस्त्याव काका पप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त आणि माझे धर्मपिता, माझ्या बाप्तिस्म्याला मला हातात धरलं ते त्यांनी. त्यांच्या जाळ्यांना बांधलेली पिंपं पाण्यावर तरंगताना मला आमच्या बोटीतून दिसत होती. मी पप्पांना विचारलं, ही पण घेऊ का? ते म्हणाले, ते त्याचं, त्याला विचार. पुढच्या रांगेबद्दल विचारलं तर तेच. आपल्याकडे दुसऱ्याची जागा आपल्या तोंडाने सांगत नाहीत. ज्याची त्याने सांगायची. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होतं, पण असं माहीत होतं जसं श्वास घ्यायचं माहीत असतं. त्याकडे माझं लक्षच नव्हतं. मला वाटलं, काकांना काय कधीही विचारता येईल. मग परतीची तारीख आली, खरेदी, बॅग, आईचा बाटलीतला मसाला तीन-तीन पिशव्यांत बांधणं, आणि राहून गेलं.

हे "राहून गेलं" फार सोपं वाटतं ना लिहायला? पुढे ऐका.

तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात विभागात पोस्टरची स्पर्धा होती. मी समुद्राचा निळा नकाशा केला, त्यावर अकरा लाल ठिपके, आणि वर मोठ्या अक्षरात मथळा: मनोरी गावाच्या मासेमारीच्या पारंपरिक जागा. "काही जागा" नाही, "माझ्या घरच्या जागा" नाही. गावाच्या. मला पहिलं बक्षीस मिळालं. विभागाने पोस्टर वेबसाइटवर टाकलं आणि पुढच्या शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी माझं नाव पाठवलं, दोन वर्षं, सगळा खर्च त्यांचा. मी फोटो आईला पाठवला, आईने गावभर. बस्त्याव काकांचा आवाजी मेसेज आला. मागे बोटीच्या इंजिनाचा आवाज आणि ते ओरडून सांगत होते की माझ्या पोरीने मनोरी जगाच्या नकाशावर टाकली. तो मेसेज मी अजून काढून टाकलेला नाही.

फेब्रुवारीत पप्पांचा फोन आला. पप्पा स्वतःहून फोन करत नाहीत, आईने लावून दिला की बोलतात, म्हणून मी घाबरूनच उचलला. झालं होतं असं. एका कंपनीला समुद्राच्या तळातून केबल आणायची होती, देशादेशांना जोडणारी, इंटरनेटची. गावात पहिली सुनावणी झाली. कंपनीच्या माणसाने शाळेच्या हॉलमध्ये पडद्यावर नकाशा लावला आणि सांगितलं की आम्ही तुमच्या जाळ्यांचा पूर्ण विचार केलाय, केबल अकराच्या अकरा जागांना वळसा घालून जाते. आणि हा नकाशा आमचा नाही, तुमच्याच गावच्या मुलीने परदेशी विद्यापीठात केलेला आहे. केबल वळसा घालून जात होती ती बरोबर बस्त्याव काकांच्या रांगेतून.

गंमत बघा, अशा केबलींवर मी आदल्याच टर्मला निबंध लिहिला होता. कोणता देश कोणाची केबल अडवतो, कोण कोणाचं चोरून ऐकतो. चांगले मार्क पडले होते. त्या निबंधात मासेमार हा शब्द एकदाही नव्हता.

पप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "बाय, तुझ्या नकाशात बस्त्यावची जागा का नाही?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगितली नाहीत."

"मी कशी सांगणार?" ते म्हणाले.

मी त्यांना म्हटलं की मी विद्यापीठाकडून पत्र पाठवते, नकाशा अपूर्ण आहे असं. ते म्हणाले, पत्र पाठवायचं तर पाठव, पण दुसरी सुनावणी ईस्टरनंतर आहे, तू ये. मी म्हटलं, मे महिन्यात माझा प्रबंध द्यायचाय. त्यांनी फोन आईच्या हातात दिला. पप्पांनी तसं केलं की वाद संपलेला असतो.

दुसऱ्या दिवशी मी हेलनकडे गेले. ती भली बाई आहे, तिने खरंच मार्ग शोधला. म्हणाली, पोस्टर राहू दे, खाली एक ओळ घाल की हा नकाशा अपूर्ण आहे. तसं केलं तर शिष्यवृत्तीलाही धक्का नाही. पोस्टर मागे घेतलं तर मात्र नियमाप्रमाणे नावही मागे घ्यावं लागेल. मी दोन दिवस विचार केला. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मी ती ओळ लिहूनही बघितली, तीन प्रकारे. पण मला दिसत होतं की चित्र फिरतं आणि खालची ओळ मागे राहते, कोणीतरी पडद्यावर लावताना ती कापतंच. आणि ती ओळ मी कोणासाठी घालत होते, काकांसाठी की शिष्यवृत्तीसाठी, ते मला चांगलंच ठाऊक होतं. मी पोस्टर मागे घेतलं. शिष्यवृत्ती गेली. वाईट वाटलं? भयंकर वाटलं. खोलीत बसून उशीत तोंड खुपसून रडले आणि मग उठून प्रबंधाचं दुसरं प्रकरण फाडून टाकलं, कारण ते अख्खं त्या नकाशावर उभं होतं. मेपर्यंत नव्याने लिहायचं होतं आणि मधले बारा दिवस मनोरीत जाणार होते. ठीक आहे, म्हटलं. हातानेच केलंय, हातानेच निस्तरायचं.

यावेळी फेरीत मला कोणी "आली का गं?" विचारलं नाही. तिकिटं फाडणारा माझ्या वर्गातला पोरगा, तोसुद्धा मोबाइलमध्ये बघत होता. घरी गेल्यावर कळलं की त्याहून जास्त आईने सोसलंय. वीस वर्षं बाजारात जिच्या मांडीला मांडी लावून बसली त्या बाईने आपली पाटी दुसरीकडे हलवली होती. आईने मला ते सांगितलं नाही, मामेभावाने सांगितलं. आईने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, जेव आणि उद्यापासून फिर. पप्पांनी सोबत यायला साफ नकार दिला. तुझी चूक आहे, तू दारं ठोठाव, मी मागे उभा राहिलो तर लोक माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणतील.

मी दारं ठोठावली. सांगते कसं ते, कारण प्रबंधात मी ते फार गुळगुळीत करून लिहिलंय. पहिल्या दिवशी सहा घरं झाली आणि एकाही घरात चहा विचारला नाही. मनोरीत चहा न विचारणं म्हणजे काय ते तुम्ही जाणता. मी मोबाइल घरी ठेवून जायचे. आधी सांगायचे, नकाशा माझा, चूक माझी, मी मागे घेतलाय. मग विचारायचे, तुमच्या घरच्या जागा किती, एवढंच सांगा. कुठे ते सांगू नका, मला नको आहे ते. घरातल्या मोठ्या माणसाने आपल्या तोंडाने आकडा सांगायचा, वहीत आपल्या हाताने लिहायचा, खाली सही किंवा अंगठा. एकाने दुसऱ्याचं काही सांगायचं नाही. हळूहळू लोकांना कळलं की पोरगी यावेळी तरी आपल्या रीतीने विचारतेय. चौथ्या दिवशी पहिला चहा मिळाला, आणि त्यासोबत दहा मिनिटं बोलणीही. काय शिकवतात गं तुला तिकडे, एवढी शिकून मोजता येत नाही? मी निमूट ऐकलं, चहा चांगला होता.

एका घरी फक्त म्हातारी होती. नवरा वारलेला, मुलगा कुवेतला, सहा वर्षं खुंट घातलेला नाही. तिने मलाच विचारलं, आमची जागा आहे की गेली? माझ्या पुस्तकांत याचं उत्तर आहे, न वापरलेला हक्क कधी संपतो त्यावर वकिलांनी पानंच्या पानं लिहिलीत. मी म्हटलं, मावशी, ते तुम्ही सांगायचं. तिने समुद्राकडे बघितलं आणि म्हणाली, "आहे. लिही." मी वही पुढे केली, तिने स्वतः एक आकडा काढला, थोडा वाकडा, आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत बसली.

दहा दिवसांत अकराचे बासष्ट झाले. बस्त्याव काकांची जागा सोडून.

त्यांच्याकडे मी तीनदा गेले. ते ओट्यावर जाळं शिवत बसलेले असायचे. पहिल्या दोन वेळा त्यांनी मान वर केली नाही, काकीने आतून खुणेने सांगितलं, जा. तिसऱ्यांदा मी हलले नाही, उन्हात उभी राहिले. तेव्हा ते म्हणाले, "ज्यांनी कंपनीला कागद दिला ते परके असते तर मला काही वाटलं नसतं. तू माझी जागा पाच वर्षांची असल्यापासून बघतेस." आणि जाळं उचलून आत गेले. मी रस्त्यात उभी राहून रडले. लपवायचं कशाला, अर्ध्या गावाने बघितलंच होतं.

आता त्याचा विचार करते तेव्हा वाटतं, परदेशी जाणाऱ्यांना घरचे विसरून जाण्याची भीती घालतात. मी काही विसरले नव्हते. उलट मी आपलं सगळं मांडायला निघाले होते, जगापुढे, छाती फुगवून. करायला गेले एक आणि झालं भलतंच. लांब गेल्यावर आपलं गाव एकसंध दिसायला लागतं, एक नाव, एक ठिपका. जवळून ते घराघराचं वेगवेगळं तोंड आहे, आणि प्रत्येकाला आपलं बोलायचं असतं. हे परदेशात राहिल्याशिवाय मला दिसलं नसतं, हेही खरंच. म्हणून गेल्याचा पश्चात्ताप मला नाही.

सुनावणी सकाळी अकराला, त्याच शाळेच्या हॉलमध्ये. मी जिथे बाराखडी म्हटली तिथे टेबलामागे सरकारी साहेब, बाजूला लिहून घेणारा कारकून, आणि लॅपटॉप घेतलेला कंपनीचा माणूस. हॉल भरलेला. पप्पा भिंतीला टेकून मागे उभे. माझी पाळी आली तेव्हा मी विद्यापीठाचं पत्र ठेवलं, वही ठेवली आणि म्हटलं, "हा नकाशा मी काढला, आणि तो चुकीचा आहे. अकरा जागा फक्त माझ्या नातेवाइकांच्या आहेत. गावाच्या बासष्ट या वहीत आहेत, आणि एक अजून यायची आहे. कुठे आहेत ते ज्याचं तो आपल्या बोटीतून दाखवेल." सेमिनारमध्ये आवाज थरथरायचा तसा थरथरला नाही. फेब्रुवारीपासून हेच वाक्य डोक्यात होतं.

कंपनीचा माणूस हुशार होता. तो नकाशाबद्दल बोललाच नाही. तो म्हणाला, या मॅडमबद्दल आदर आहे, पण ही सुनावणी बाधित गावातल्या रहिवाशांसाठी आहे, आणि या इथे राहत नाहीत. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी विचारलं, तुम्ही सध्या कुठे राहता? मला खोटं बोलता आलं असतं, आधार कार्डावर मनोरीच आहे. पण मला त्या दिवशी एकही अर्धवट गोष्ट सांगायची नव्हती. मी म्हटलं, तीन वर्षं इंग्लंडमध्ये. परवा परत जाणार आहे. कारकुनाचं पेन थांबलं. साहेब म्हणाले, मग तुमचं निवेदन रहिवासी म्हणून नोंदवता येणार नाही. शिष्यवृत्ती घालवून, प्रबंध अर्धा टाकून, बासष्ट सह्या घेऊन मी तिथे उभी होते, आणि मी तिथली नव्हते.

तेव्हा तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकली. बस्त्याव काका उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, कारकुनाकडे बघितलं.

"साहेब, आमच्यात दुसऱ्याची जागा आपल्या तोंडाने सांगत नाहीत," ते म्हणाले. "आज मी सांगतो. राहणार मनोरी. चर्चच्या मागे, तिसरं घर, पास्कलची मुलगी. लिहा."

मग मागून आणखी कोणीतरी म्हणालं, लिहा. मग बायकांच्या बाजूने, लिहा. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि कारकुनाला मान हलवली. काका पुढे आले, माझ्यासमोरून वही ओढली आणि एक आकडा लिहून सही केली. मग पेन माझ्या हातात परत दिलं.

सुनावणीत ठरलं की माझ्या नकाशावर विसंबायचं नाही आणि पाहणी नव्याने, गावच्या बोटींतून, ज्याची जागा त्याच्या समोर व्हायची. केबलचं पुढे काय होईल ते अजून ठरलेलं नाही, भांडण लांबणार आहे, आणि भांडायला आपण सगळे आहोत. मी इंग्लंडला परत येऊन प्रबंध दिला, शेवटच्या दिवशी, बक्षीस वगैरे काही नाही, पास झाले आणि चांगली पास झाले. पुढच्या शिक्षणासाठी पुन्हा अर्ज करतेय. मी हा विषय सोडणार नाही. देशादेशांचे करार होतात त्या टेबलाशी आपल्यातलं कोणी बसलेलं नसतं, आणि बसलं तरी त्याने दुसऱ्याच्या वतीने किती बोलायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. मला ते शिकवलंय तुम्ही, फार महाग शिकवणी होती.

इथे इंग्लंडमध्ये लोक अजून विचारतात, घर कुठे तुझं? पूर्वी मी लांबण लावायचे, मुंबई, मग उपनगर, मग खाडीपलीकडे, मग फेरी. आता फक्त मनोरी सांगते आणि गप्प बसते, कारण मी सांगितल्याने ते घर होत नाही हे मला कळलंय. मी तिथली नाही असं सरकारी साहेब म्हणत होते, आणि ज्या माणसाची जागा मी बुडवली होती तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, लिहा.